इंग्रजीची पातळी मोजायची कशी? (व्याकरणात १८, बोलण्यात भोपळा)

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बँकेतून निवृत्त झाले आणि गेल्या दिवाळीपासून बार्शीत आमच्या माडीवर संध्याकाळी साडेसहा ते आठ इंग्रजीचा वर्ग घेते. फी नाही. सध्या १७ जण येतात. शिवणकाम करणाऱ्या दोघी, मेडिकलच्या दुकानातली दोन पोरं, आयटीआय झालेला एक, आणि बाकी सगळ्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या आया. आयांचं दुखणं एकच. मुलाच्या डायरीत बाईंनी काय लिहिलंय ते कळत नाही आणि पालकसभेत तोंड उघडत नाही.

माडीवर सतरा जण मावेनात, म्हणून दोन गट करायचं ठरवलं. नेटवरून ५० गुणांची एक चाचणी उतरवली. व्याकरण २०, संभाषण १५, उतारा १५. संभाषण म्हणजे कागदावरचंच, संवादातल्या गाळलेल्या जागा भरायच्या.

निकाल बघून मी चक्रावले. वीस वर्षांपूर्वी बी.ए. केलेल्या एक बाई आहेत, त्यांना व्याकरणात १८. पेपर गोळा करताना मी सहज विचारलं, 'व्हॉट डिड यू ईट धिस मॉर्निंग?' बाई गप्प. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. दुसऱ्या एक जणी मुंबईत नऊ वर्षं एका परदेशी कुटुंबाकडे स्वयंपाकाला होत्या. त्यांना व्याकरणात ४, आणि पेपर कसा वाईट गेला हे त्यांनी मला दहा मिनिटं इंग्रजीतच सांगितलं! उताऱ्यात मात्र झाडून सगळ्यांना १२ च्या वर.

आता कोणाला कुठल्या गटात घालू? आणि मुळात या कागदाने मोजलं काय?

---

शेवटचाबाक

बी.ए.वाल्या बाईंना शिक्षिका करा आणि स्वयंपाकवाल्या मावशींना मुख्याध्यापिका. प्रश्न मिटला.

(हलके घ्या. विषय चांगला आहे, खुर्ची टाकून बसलोय.)

---

खडूधूळ

ताई, मी चोवीस वर्षं माध्यमिकला इंग्रजी शिकवतोय. उताऱ्यात सगळे पास झाले यात नवल काहीच नाही. खालचा उतारा वाचा आणि उत्तरं द्या बरं.

*टिंबळ्याने काल सांजच्याला गुरफळीत दोन मोकडे ढवसले. त्यामुळे लाखुडी फार पिचकली.*

१. मोकडे कोणी ढवसले? २. किती ढवसले? ३. कुठे ढवसले? ४. लाखुडी का पिचकली?

चारपैकी चार पडले ना? आता सांगा, टिंबळ्या माणूस आहे की बैल?

आमच्या कृतिपत्रिकेतले निम्मे प्रश्न याच जातीचे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की त्याच्या आजूबाजूचं वाक्य उचलून उत्तरात ठेवायचं. पोरं याला 'कॉपी-पेस्ट' म्हणतात आणि ते त्यांना आठवीपासून आम्हीच शिकवतो, कारण त्यावर मुलगा पास होतो. अर्थ कळलाय का हे बघायचं तर प्रश्नातले शब्द उताऱ्यात नसावेत आणि उत्तर दोन वाक्यं जोडल्याशिवाय निघू नये.

व्याकरणाचंही तसंच. वर्गात मी 'ही गो' म्हणालो की अख्खा वर्ग एका सुरात 'गोऽऽज' ओरडतो. मधल्या सुट्टीत त्यातलाच एक येतो, 'सर, ही टेक माय पेन.' तो 'एस' आम्ही शिकवतो सुरुवातीलाच आणि जिभेवर बसतो सगळ्यात शेवटी. नियम माहीत असणं आणि बोलता बोलता तो पाळला जाणं, ही खाती वेगळी आहेत. तुमच्या कागदाने फक्त पहिल्याचं पासबुक बघितलं.

---

बिनसाखर

टिंबळ्या बैलच असणार. माणूस असता तर दोनावर थांबला नसता.

---

फणसगरा

मास्तर, उतारा भारी. पण पुढे सगळे मिळून व्याकरणाच्या पेपरला झोडपणार हे दिसतंय, म्हणून आधीच आडवा येतो.

मी बँकेच्या परीक्षा देतो. क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न, २० मिनिटं. चूक ओळखा, वाक्यांचा क्रम लावा, गाळलेल्या जागा. त्यातून मला इंग्रजी येतं की नाही हे कळत नाही, मान्य. पण समोरच्या यंत्राला माझं आडनाव दिसत नाही. मी 'स्कूल' ला 'इस्कूल' म्हणतो हे त्याला ऐकू येत नाही. तोंडी परीक्षा म्हणजे ज्याच्या घरी आईबाप इंग्रजी बोलतात त्याला दिलेली ओवाळणी. एका खाजगी कंपनीच्या मुलाखतीत माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत साहेबांनी कागद बाजूला सारला होता. त्यापेक्षा चार पर्यायांचा टिंबळ्या बरा!

आणि उताऱ्यांचंही ऐका. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत २०११ ला सीसॅट (कल चाचणीचा पेपर) आलं, त्यात इंग्रजी आकलनाचे वेगळे उतारे होते. २०१४ ला दिल्लीत पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा त्या प्रश्नांचे गुण गुणवत्तेत धरायचे नाहीत असं ठरलं. २०१५ पासून तो अख्खा पेपर ३३ टक्क्यांचा पात्रता पेपर झाला. चाचणीत काय घालायचं याने कोण आत येतं आणि कोण बाहेर राहतं ते ठरतं. ताईंच्या माडीवर ते नाही, पण सवय तीच लागते.

---

खडूधूळ

@फणसगरा, तोंडी परीक्षेबद्दल तुमच्याशी भांडणार नाही, कारण माझेच हात त्यात बरबटलेत. दहावीला भाषेचे २० गुण शाळेच्या हातात. चाळीस मुलं, दोन तास, शेजारच्या वर्गात गणिताचा गोंधळ. मुलगा आला, नाव सांगितलं, पाठ केलेली पाच वाक्यं म्हणाला, १८ घेऊन गेला. जो बोललाच नाही त्याला १६.

२०१८-१९ ला हे गुण काढून टाकले आणि भाषांचे पेपर पूर्ण लेखी झाले. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षी ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, तेव्हा सगळं खापर एकाच गोष्टीवर फोडू नये. पुढच्या वर्षी २० गुण परत आले. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी कोणीतरी पेढे आणले होते. मीही खाल्ला.

---

पांढरेबूट

मी नर्स आहे, मूळची सांगलीकडची, आता इंग्लंडच्या उत्तरेला. इथे नोंदणीसाठी आयईएलटीएस नाहीतर ओईटी यांपैकी एक इंग्रजीची परीक्षा लागते. आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ हवेत. मी आधी तीच दिली, लेखनात दोनदा अर्ध्या गुणाने गेले. मग ओईटी दिली, ती आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच आहे.

उंबरठाताई, तुम्हाला तिथला बोलण्याचा भाग उपयोगी पडेल. दोन प्रसंग असतात. तुम्ही नर्स, समोरचा रुग्ण किंवा नातेवाईक. कार्ड हातात येतं, तीन मिनिटं विचार करायला, मग साधारण पाच मिनिटं बोलायचं. गंमत म्हणजे समोरचा मुद्दाम सरळ वागत नाही. त्याच्या कार्डावर तो घाबरलाय, चिडलाय, गोळ्या घ्यायला तयार नाही असं काहीबाही असतं. व्याकरणाला गुण आहेतच, पण तुम्ही त्याचं ऐकून घेतलंत का, त्याला कळेल अशा शब्दांत सांगितलंत का, यालाही आहेत.

आणि तरीही पहिल्या आठवड्यात वॉर्डात फजिती झाली ती झालीच. एक आजीबाई म्हणाल्या, 'आय फील पुअरली, लव्ह.' मला वाटलं बाई गरिबीचं रडगाणं गातायत. मी धीर देत म्हटलं, काळजी करू नका, इथे पैसे लागत नाहीत! इकडे 'पुअरली' म्हणजे तब्येत बरी नसणं. सिस्टर हसून हसून खुर्चीत बसली. त्यानंतर मी एकच वाक्य धरून ठेवलं, 'सॉरी, व्हॉट डू यू मीन?' त्याच वाक्यावर पहिले सहा महिने काढले. तुमच्या चाचणीत ते कोणाला विचारता येतं का बघा. कळलं नाही तेव्हा माणूस काय करतो, मान डोलावतो की विचारतो?

---

शेवटचाबाक

मी मान डोलावतो. लग्नाला अकरा वर्षं झाली.

---

हिरवाबावटा

@पांढरेबूट +१. माझा अनुभव जर्मनचा आहे, पण मुद्दा तोच. नवऱ्यामागे जर्मनीला जायचं होतं, व्हिसासाठी ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिली, पातळी हवी होती. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात परीक्षा दिली. बोलण्याच्या परीक्षेत आम्ही चौघं एका टेबलाभोवती. आधी स्वतःची ओळख. मग परीक्षक म्हणाल्या, आडनावाचं स्पेलिंग सांगा आणि फोन नंबर सांगा. माझ्या आडनावात तेरा अक्षरं! मग एकेक कार्ड उचलायचं आणि शेजारच्याला त्यावरून प्रश्न विचारायचा. शेवटी चित्राचं कार्ड, त्या वस्तूबद्दल काहीतरी विनंती करायची.

किती साधं, पण तिथे उतरल्यावर पहिल्या दिवसापासून मला लागलं काय? आडनावाचं स्पेलिंग आणि फोन नंबर. बँकेत, दवाखान्यात, घरमालकाकडे.

ए-वन ते सी-टू या सहा पायऱ्या कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली छापलेल्या, भाषेची पातळी ठरवायच्या चौकटीतल्या आहेत. ए-वनच्या वर्णनातली एक अट मला फार आवडते: समोरचा सावकाश, स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल तर साधा संवाद जमतो. म्हणजे त्या पायरीवर निम्मी जबाबदारी समोरच्याची आहे.

---

फणसगरा

समोरचा मदत करायला तयार असेल तर! हेच तर मी म्हणतोय. माझ्या मुलाखतीतला समोरचा नव्हता.

---

अडगळ

थोडं अवांतर. केंब्रिजची परदेशी लोकांसाठीची पहिली इंग्रजी परीक्षा १९१३ ची. सगळे पेपर मिळून बारा तास. भाषांतर, व्याकरण, निबंध, वाङ्मय, ध्वनिशास्त्र, आणि तोंडीमध्ये श्रुतलेखन व संभाषण. बसले तीन जण. तिघेही नापास.

उंबरठाताई, तुमच्या १७ जणांचा निकाल त्या मानाने झकास आहे.

दुसरं, क्लोझ. फणसगरा ज्याला गाळलेल्या जागा म्हणतात त्याचं हे थोरलं भावंड. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ते मांडलं ते माणसं मोजायला नव्हे, मजकूर किती सोपा आहे हे मोजायला. एखाद्या उताऱ्यातला दर पाचवा-सातवा शब्द झाकायचा आणि लोकांना तो ओळखता येतो का ते बघायचं. झाकायचा शब्द आपण निवडायचा नाही, त्यामुळे कधी क्रियापद जातं, कधी 'द', कधी नाम. पर्याय द्यायचे नाहीत. टिंबळ्याची युक्ती तिथे चालत नाही, कारण शब्द शोधायला उताऱ्यात तो असावा लागतो!

कागदावर होतं, आडनाव दिसत नाही आणि अर्थ कळल्याशिवाय भरतही नाही. फणसगरांनाही चालावं.

---

खडूधूळ

क्लोझला अनुमोदन. एक सूचना: मूळ शब्दच हवा असा हट्ट धरू नका. जागेवर बसेल तो शब्द बरोबर. आणि पहिलं वाक्य अख्खं ठेवा, नाहीतर विषयच कळत नाही.

उतारा मात्र कुठल्याशा लंडनच्या बागेतल्या डॅफोडिलवर नको. त्या आयांना जे वाचायचंय तेच घ्या.

---

कोपराढोपर

(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

---

मोजपट्टी

कॉलेजात असताना मी असरच्या, म्हणजे खेड्यापाड्यातल्या मुलांना वाचता येतं का हे बघणाऱ्या, पाहणीत स्वयंसेवक होतो. घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावायचं. इंग्रजीच्या कागदावर मोठी अक्षरं, लहान अक्षरं, सोपे शब्द आणि शेवटी चार वाक्यं. मूल वाक्यं वाचू शकलं की विचारायचं, अर्थ सांग.

एका वाडीवर एक मुलगी खडाखडा वाचत गेली. आजी कौतुकाने बघत होती. मी अर्थ विचारला तर म्हणाली, 'अर्थ बाई सांगतात.' तिच्या दृष्टीने वाचणं तिचं काम, अर्थ लावणं बाईंचं. ती काही चुकलं म्हणून सांगत नव्हती, शाळेत कामाची वाटणी तशीच होती.

२०२३ च्या असर अहवालात १४ ते १८ वयाची मुलं होती, देशभरातल्या २८ जिल्ह्यांतली. त्यात इंग्रजी वाक्यं वाचू शकणारे ५७.३ टक्के, आणि वाचू शकणाऱ्यांपैकी अर्थ सांगू शकणारे ७३.५ टक्के, म्हणजे एकूण मुलांतले साधारण ४२ टक्केच. ५७ आणि ४२ हे दोन आकडे वेगळे दिसले ते केवळ दोन वेगळे प्रश्न विचारले म्हणून. वाचून दाखव एवढ्यावर थांबले असते तर पहिला आकडाच मिरवला असता.

---

उंबरठा

मंडळी, किती लिहिलंत! सगळं वाचून नवा कागद केला आणि काल-परवा चाचणी घेतली. सांगते.

उताऱ्याच्या जागी एका आईकडून मुलाची डायरी मागून घेतली. शाळेचं नाव झाकून त्यातली सूचना जशीच्या तशी टाकली. प्रगतिपुस्तक शनिवारी दहा ते एक या वेळात मिळेल, आई, वडील किंवा पालकाने ओळखपत्र घेऊन यावं, फी बाकी असल्यास आधी कार्यालयात जावं. यावर प्रश्न तीन. शनिवारी दीड वाजता गेलं तर काय होईल? शेजारीण आणू शकेल का? बसचं शुल्क वेगळं आहे का?

तिसऱ्याचं उत्तर सूचनेत नाहीच. 'इथे लिहिलेलं नाही' असं लिहिणाऱ्या फक्त तिघी निघाल्या. बाकीच्यांनी स्वतःच्या माहितीने बसचे दर लिहिले! एकीने तर कुठली बस कुठल्या चौकात थांबते तेही.

मग क्लोझ, दुसऱ्या सूचनेवर, दर सातवा शब्द. बी.ए.वाल्या बाई १५ पैकी ११, स्वयंपाकवाल्या मावशी १५ पैकी ९. आधी १८ आणि ४ होते! व्याकरणाचे नियम मावशींना सांगता येत नाहीत, पण कुठे काय बसतं ते कानाला कळतं. 'द' मात्र एकदाही नाही. मराठीत नाही ना तो, जागा रिकामी आहे असं वाटतच नाही.

बोलण्याची परीक्षा फोनवर घेतली. मी खाली स्वयंपाकघरात, ते माडीवर. समोर असलं की हातवारे होतात आणि मीच चेहऱ्याने मदत करते. नाव, स्पेलिंग, मोबाईल नंबर, मग एक प्रसंग. मेडिकलच्या पोराला मी गिऱ्हाईक होऊन कापलेली गोळ्यांची पट्टी परत करायला गेले. त्याने आधी मराठीत 'नाय ओ' म्हटलं, मग सावरून, 'मॅडम, कट स्ट्रिप नो रिटर्न. सॉरी. फुल स्ट्रिप ओके.' एकही वाक्य व्याकरणात बसत नाही आणि मला दुकानाचा नियम पूर्ण कळला. भांडायला जागा राहिली नाही.

माझ्या भाच्याला स्पीकरवर ऐकायला शेजारी बसवलं होतं. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, नंतर ताडून बघायचे. बहुतेकांना एखाद्या गुणाचा फरक. मावशींना मात्र मी १० पैकी ८ दिले आणि भाच्याने ५! बराच वाद झाला. तो म्हणाला, 'मावशी, तुला त्यांचं सगळं कळतं कारण तू त्यांना चार महिने ऐकतेयस. मला मधली तीन वाक्यं कळलीच नाहीत.' खरं आहे. मी त्यांची वाक्यं मनातल्या मनात पुरी करत होते.

आता बी.ए.वाल्या बाई. स्पेलिंग, नंबर झकास. मग मी शाळेची बाई झाले आणि विचारलं, मुलगा दोन दिवस का आला नाही? पलीकडे शांतता. मला वाटलं झालं, आता रडतील. तेवढ्यात आवाज आला, 'वन मिनिट प्लीज.' मग कागदाची खसखस. आणि मग सावकाश, वाचल्यासारखं, 'माय सन वॉज सफरिंग फ्रॉम फीव्हर. ही विल कम टुमॉरो.' त्यांनी वाक्य लिहून काढलं होतं!

याला गुण किती द्यायचे? भाचा म्हणतो शून्य, हे बोलणं नव्हे, वाचन आहे. मी ५ लिहून खोडले, सध्या जागा कोरी आहे.

---

पांढरेबूट

५ तरी द्याच. मी पहिला महिनाभर डॉक्टरांना फोन करायच्या आधी हातावर पेनने वाक्य लिहायचे.

---

खडूधूळ

माझ्या मते ३. पण 'वन मिनिट प्लीज' चे २ वेगळे. तेवढं वाक्य लिहून आणलेलं नव्हतं.

---

हिरवाबावटा

खडूधूळ यांच्याशी सहमत. आणि गट करताना बेरीज करू नका हो ताई. एकीचं वाचन पुढे, दुसरीचं बोलणं पुढे, बेरीज केलीत तर दोघी सारख्याच दिसतील आणि शिकवायला हवंय नेमकं उलटं. सोमवारी बोलण्याचे गट, गुरुवारी वाचनाचे, माणसं अदलाबदल करून.

---

शेवटचाबाक

म्हणजे मावशी सोमवारी हुशार आणि गुरुवारी ढ. माझ्या शाळेत मी सगळे वार एकसारखाच होतो.

---

फणसगरा

मान्य करतो, डायरीचा पेपर आवडला. तो छापील असल्यामुळे नव्हे, बसच्या प्रश्नामुळे. बँकेच्या पेपरात 'यातलं काहीच नाही' हा पर्याय मी कायम शेवटी बघतो.

पण फोनच्या परीक्षेवर माझं म्हणणं तेच आहे. तुम्ही आणि भाचा, एकाच घरातले दोघं. मावशींच्या बाबतीत ३ गुणांचा फरक पडला तो तुम्ही लिहिलात म्हणून आम्हाला कळला. ज्याने मावशींना आधी कधी ऐकलं नाही आणि ज्याचं स्वतःचं इंग्रजी घरातून आलेलं नाही, असा तिसरा कान हवा.

---

उंबरठा

अगदी मान्य. येत्या बुधवारी राहिलेल्या सहा जणांची घ्यायची आहे आणि मावशींची पुन्हा. बार्शीच्या आसपास कोणी आहे का, साडेसहाला येऊ शकेल असं? चहा मिळेल, मानधन नाही.

---

फणसगरा

मी कुर्डुवाडीत आहे. बुधवारी क्लास सुटला की पावणेसहाची एसटी धरतो, थोडा उशीर होईल. मावशींना माझं नाव आधी सांगू नका. आणि दहा गुणांचा व्याकरणाचा एक कागद मी घेऊन येणार, तो सोडवून घ्यायचा.

---

उंबरठा

या. कागद आणा. आधी भाच्याला सोडवायला देऊ.